आजोबा, मध्ये बोलू नका!

अरे, आमची नात मुग्धा ठाण्याला वकिली शिकते. कॉलेजात मूट कोर्ट होतं, म्हणजे खोट्या खटल्याची स्पर्धा. पोरीची पहिल्यांदाच निवड झालेली. डोंबिवलीत घरी तयारीला जज मीच, चौथी पास! मी काही विचारलं की खेकसायची, "आजोबा, मध्ये बोलू नका!"

स्पर्धेला मीही गेलो, मागे बसलो. फाडफाड इंग्रजी चाललेलं. जजसाहेबांनी मध्येच प्रश्न टाकला, तशी ही मराठीत ओरडली, "आजोबा, मध्ये बोलू नका!"

पोर रडकुंडीला आली. म्हटलं, गेली स्पर्धा.

जजसाहेबांनी विचारलं, "घरी आजोबा फार मध्ये बोलतात का?"

"हो सर, सारखे."

मी मागनं ओरडलो, "साफ खोटं!"

जजसाहेब हसले. "पुरावा मिळाला. माफ केलं बाळा, बोल पुढे."