देठाला लाल दोरा

कामशेत स्टेशनच्या बाकावर शेजारी दोघी बसल्या होत्या. एक कॉलेजात शिकवणाऱ्या नीरजाताई, दुसरी दुधीची पाटी घेऊन तळेगावला निघालेली भाजीवाली बाया.

"एक दुधी द्या मावशी. याच्या देठाला लाल दोरा कसला हो?"

"आमच्या मामंजींची खूण हाय ती. दुधीचं फूल दिस मावळताना उमलतं. आदी मोठाली पाखरं यायची. फुलावर न बसता नुसती थरथरत ऱ्हायची आन लांब सोंड आत घालायची."

"हॉकमॉथ जातीचे पतंग ते. नरफुलातले पराग तेच मादीफुलावर नेतात."

"वरच्या अंगाला बंगलं झालं, तशी पाखरं त्या दिव्यांकडं जाया लागली. हितं बारकी फळं पिवळी पडून गळायची. मग मामंजी सांजच्याला नरफूल तोडून एकेका मादीफुलाला लावायचे. लावलं की देठाला दोरा बांधायचे, म्हंजी परत लावाया नको."

"या वयात एवढं करतात?"

"मामंजी दिवाळीत गेले, ताई. ह्या दुधीचा येल मी त्यांच्या माघारी, संक्रांतीला लावला."

"मग आता नरफुलं मादीफुलांना कोण लावतं?"

"कुनीच न्हाई. दिस कलला की आमी दार लावून घेतो. ही दुधी घरात कुनी खात बी न्हाई, इकून टाकतो."

"अहो, पतंग परत आले असतील. येतात कधीकधी."

"मी बी घरात तेच सांगते. पन ताई, पाखरू दोरा बांधतं का?"