दारात पारखलेला पडदा

साड्या घेताना आमच्या आत्याला बरोबर नेऊ नये म्हणतात, पण मी तिला एलईडी पडदा ठरवायला नेलं.

मुलीचं लग्न तिरुवैयारूला, सकाळच्या उन्हात, उघड्या मैदानात. मागच्यांना दिसावं म्हणून पडदा भाड्याने हवा होता. तंजावरच्या दुकानात तो असा लखलखत होता, की मी लगेच हो म्हणणार होतो.

आत्या म्हणाली, "जरा दारात, उन्हात लाव बघू."

दुकानदार हसला. "अम्मा, ही काय साडी आहे?"

"दुकानातल्या दिव्यांच्या उजेडात मी साडीसुद्धा घेत नाही, बाबा."

उन्हात पडदा पाटीसारखा काळा दिसला. मग दुकानदाराने मैदानात लावायचा, जास्त उजेडाचा पडदा काढला.

लग्नात शेवटच्या रांगेलाही मंगळसूत्र स्पष्ट दिसलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आत्या मात्र पडद्यावर स्वतःलाच निरखत होती.

"काय झालं, आत्या?"

"दारात नेऊन पारखलेली माझी जांभळी साडी इथे निळी दिसतेय. पुढच्या साडीखरेदीला हा पडदा बरोबर घे."