चौकटीतला मजकूर

—हात बाहेर घ्या. आधी हात बाहेर घ्या, मग मी कोण ते विचारा. टेकचंद सोमाजी रहांगडाले, वय वर्षे सत्त्याहत्तर, रेल्वेतील निवृत्त सांधेवाला, राहणार आमगाव. माझे सांगून झाले. आता आपण सांगा—फ्यूज काढलात का? दिवे वर-खाली करणाऱ्या मोटारींचा, बोनेटखालच्या त्या पेटीतला? काढला? दाखवा. ...हं. ठीक. मग चालू द्या आपले काम. मी या बाकावर बसतो. बाक वाचनालयाचा आहे, मी वाचनालयाचा सर्वांत जुना सभासद आहे, त्यामुळे मला इथून कुणी उठवत नाही.

भूपेंद्रशेठने पाठवले ना आपल्याला? नागपूरहून? वाटलेच. आणि नव्या मोटारी दोन्ही आणल्यात? उत्तम केलेत. एकच बदलली, तर एक दिवा झटकन उठतो आणि दुसरा विचार करत उठतो. हसता काय, मला यातले कळते. तीस वर्षांची जपानी गाडी, दोघांपुरती, जमिनीला टेकलेली. दिवे बोनेटच्या आत लपलेले, बटन दाबले की झाकणासकट वर येणार. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटार, मोटारीला दांडा. दांडा अर्धा फेरा फिरला की दिवा वर, उरलेला अर्धा फिरला की खाली. मोटारीच्या माथ्यावर रबरी टोपी, तिच्याखाली हाताने फिरवायची मूठ. हे सारे मी एकदाही हात न लावता शिकलो—पुस्तकातून. शाळा चौथीपर्यंत, पुढचे मीच मला शिकवले. मराठी या वाचनालयात, इंग्रजी रेल्वेच्या केबिनमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, शब्दकोश मांडीवर घेऊन. लोक मला गुरुजी म्हणतात. मी कुणाचा गुरुजी नव्हतो. पण म्हणू दिले.

हे बंद शटर? रेवारामचे. रेवाराम कुंभरे, मूळचा केशोरीकडचा. तिसरी नापास, पण विजेचे काम असे की गिरणीचे स्टार्टर, ट्रॅक्टरचे वायरिंग, पाण्याच्या मोटारी—कान लावायचा आणि दोष सांगायचा. भूपेंद्रशेठच्या गोंदियातल्या भातगिरणीचे सगळे काम त्याच्याकडे, म्हणून शेठची ही गाडीही त्याच्याकडे आली. डावा दिवा अर्ध्यावर अडकलेला, उजवा ठणठणीत. समोरच्या पानठेल्यावरचा हिरालाल मला म्हणाला, "गुरुजी, गाडी तुमाले डोळा मारून रायली, तुमी काऊन लाजता?" असला वात्रटपणा. रेवारामला मात्र त्यात लाजण्यासारखे काही दिसले नाही. म्हणाला, "मोटारच तं आहे. खोलून पाहू." पण शेठने छापील पुस्तकाच्या प्रती काढून दिल्या होत्या, शे-दीडशे पाने, सगळी इंग्रजी, आणि बजावले होते—जैसा लिखा है वैसाच करना. म्हणून मला बोलावणे आले. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, रेवारामने करायचे. तो हात, मी डोळे. आणि मग जे झाले ते आपण ऐकलेच असेल—रेवारामने घाई केली. उजव्या हाताची दोन बोटे, ही आणि ही, पेरापासून गेली. दिव्याच्या दांड्यात. घाई हा त्याचा स्वभावच होता.

होता का? ...नव्हता, खरे म्हणजे. सावकाश माणूस. नट काढला तरी आधी पुसायचा, मग वाटीत ठेवायचा. पण गावात असेच सांगतात, आणि शेठ तर त्याच्या रक्ताकडे बघत म्हणाला, "हाथ कहाँ डालना, इतना भी नहीं समझता?" मी तिथेच उभा होतो. पाने हातात धरून.

काय शोधता? तीच ना पाने? सीटवर आहेत, घ्या. गरज काय आपल्याला, आपण तर रोज ही कामे करता. ...हो, क्रमांक खालच्या कोपऱ्यात आहेत. एकशे सहा, मग एकशे आठ? असेल. सुटी पाने, वारा येतो, मालगाडी गेली की सगळेच हलते इथे. आपण दांड्याचा नट बघा, तो उलटा फिरवू नका—असे बघू नका माझ्याकडे. एक पान नाही. त्याचे काय एवढे?

एकशे सात माझ्या घरी आहे. शब्दकोशात ठेवले आहे. मीच काढून नेले, सगळे रेवारामला घेऊन दवाखान्याकडे धावले तेव्हा. चारही बाजूंनी रेघ मारलेली चौकट आहे त्यावर, पहिल्या पायरीच्याही आधी, ठळक अक्षरांत. तिच्यात तेच लिहिले आहे जे आपण न वाचता केलेत—आधी फ्यूज काढा. अडकलेली मोटार वीज चालू असताना हाताने फिरवली, तर आतला संपर्क जुळताच ती आपोआप धावते आणि उरलेला फेरा पूर्ण करते. तसेच झाले. रेवारामने मूठ फिरवली—मी सांगितले, फिरव, म्हणून फिरवली—आणि दांडा हलतो का ते बोटांनी चाचपले. दिवा खाली बसला. आवाज फार मोठा नव्हता. टिफिनचे झाकण लावल्यासारखा.

मी का नाही वाचले? विचारा ना, सगळ्यांत सोपा प्रश्न आहे. त्या चौकटीत दोन शब्द मला अडले. दोनच. शब्दकोश घरी, दहा मिनिटांच्या अंतरावर. पण भोवती सहा-सात माणसे जमलेली, हिरालाल पान लावायचे सोडून आलेला, मी इस्त्रीचा सदरा घातलेला—आणि त्याच महिन्यात मी याच बाकावर बसून चारचौघांत म्हणालो होतो की आता मला शब्दकोश लागत नाही. आता त्या लोकांसमोर उठून घरी जायचे? मी स्वतःला म्हटले, चौकटीत नेहमीचे इशारे असतात, प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी असतात, त्यांत नवे काय असणार? आणि पान उलटले. मी! चाळीस वर्षे रूळ बदलणाऱ्या सांध्यावर काढली, सांध्याला कुलूप लावून किल्ली खिशात आल्याशिवाय रुळाच्या मध्ये पाऊल टाकले नाही, नव्या पोरांना त्यावरून शिव्या दिल्या—आणि दुसऱ्याच्या हातासाठी मी एक चौकट वाचली नाही.

आपण थांबलात का? काम करा. मला सांगायला सोपे जाते.

—आणि ते एवढेच असते, तर मी ते कुठेतरी बसवून टाकले असते. सुटले, माणूस आहे, सुटते. पण रेवारामने विचारले होते. त्याचे लक्ष असायचे, अक्षर येत नसले तरी आकार ओळखायचा. म्हणाला, "काकाजी, ते चौकोनात का लिवलं आहे? मोठं मोठं?" आणि मी म्हणालो—किती सहज म्हणालो—"काही नाही, छापणाऱ्याची सूचना आहे. तू पुढचे बघ." तो म्हणाला, "बरं." बस. तेवढाच शब्द. गेली दोन वर्षे तो मी रोज ऐकतो.

त्याला जाऊन सांगा म्हणता? तोंडाने म्हणाला नाहीत, पण म्हणता आहात. गेलो होतो की. दिवाळीच्या आधी. सालेकसा रस्त्यावरच्या एका गिरणीच्या फाटकावर बसतो तो आता, येणाऱ्या गाड्यांसाठी आडवा दांडा वर करतो. मी सारे पाठ करून गेलो होतो, पहिल्या वाक्यापासून. मला पाहून उठला, स्वतःची खुर्ची दिली, दुर्गाने—त्याच्या बायकोने—डब्यात दिलेल्या करंजीतली अर्धी मोडून दिली, डाव्या हाताने. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज. म्हणाला, "बरं झालं आले. दुसऱ्या कोनाकडून वाचून घ्यावं असं वाटून नाही रायलं." मग म्हणाला, "चुकी माझीच हाय काकाजी. तुमी तं बराबर वाचून रायले होते. माझेच ध्यान नव्हतं." ऐकलेत? तो मला समजावत होता! मी तो अर्ज वाचला. प्रत्येक ओळ. तळाशी छापखान्याचे नाव होते बारीक अक्षरात, तेही वाचले. त्याने मान डोलावली. मी घरी आलो.

आणि समजा सांगितले. मग? बोटे येतील? शेठ त्याला परत बोलावेल? शटर उघडेल? तो बिचारा ज्या एका गोष्टीवर टेकून उभा आहे—की काकाजींनी बरोबर वाचले आणि नशीब वाईट होते—ती मी काढून घ्यायची? ...हो, मला ठाऊक आहे, हे मी माझ्या सोयीचे बोलतो आहे. त्याचे नाव परत मिळाले असते. रेवारामला काम कळत नाही, असे आज कुणी म्हटले नसते. हे मला आपण सांगायला नको, मी चार पुस्तके वाचलेला माणूस आहे, दोन्ही बाजू मांडता येतात मला. मांडता येतात, तेवढेच येते.

झाले? इतक्यात? दोन्ही? थांबा, मी मागे सरकतो, मग लावा बटन. ...उठले. दोन्ही बरोबर उठले. तासाभराचे काम होते तर. खाली घ्या. नको, पुन्हा वर नको, पुरे.

आपण कोणाला सांगणार असाल तर सांगा. नाही—सांगू नका. सांगितलेत तर मी नाही म्हणेन, आणि या गावात माझ्यावर विश्वास ठेवतील, आपल्यावर नाही. हत्यारे आवरा आणि निघा. गोंदियाच्या रेल्वे फाटकावर खोळंबा होतो. ...काय? त्यानंतर काय बदलले? विचारता आहात म्हणून सांगतो. रेवाराम डाव्या हाताने दांडा वर करायला शिकला. हे शटर पुन्हा उघडले नाही. आणि न वाचता हात घातला की काय होते, ते पाहिल्यामुळे, गावातले लोक आपले कागद घेऊन माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त येतात.