सायकल जड लागतिया, दादा

आमी मूळचे सांगोल्याकडचे. तिकडं नुसता माळ आन् वारा, पाऊस पडला तर पडला. बाप मेंढरं राखायचा, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आन् पानी असंल तिकडं निघायचं, कवा भीमेच्या कडंला, कवा नीरेच्या. काय सांगू तुमाला, माझं ध्यान त्यात कवाच न्हवतं. मेंढरू कुटं चाललंय ते सोडून मी रस्त्यानं जानाऱ्या सायकली बगत बसायचो, आन् एकदा अशीच तीन मेंढरं माझ्या हातनं चुकली, तवा बाप म्हनला हे पोरगं आपल्या कामाचं न्हाय, आन् कुर्डुवाडीत ठेसनाजवळ एक म्हातारा मिस्त्री हुता त्याच्या हवाली मला करून गेला. व्हय, तसाच गेला, बिऱ्हाड फुडं निघालं. मी रडलो न्हाय. रडली ती मंगल, माझी धाकटी बहीन, तिला घोड्यावर कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसवली हुती, वळनापतुर दादा दादा करत हुती.

तर मिस्त्रीकडं शिकलो. त्याचं एकच म्हननं, सायकल बोलती, कान दे. आन् खरंच बोलती ती. बेरिंगमदली गोळी फुटली तर येगळा आवाज, चेन ढिली पडली तर येगळा, गिऱ्हाईक रस्त्यावनं वळायच्या आत मला कळायचं काय झालंय. मिस्त्री गेला, दुकान माझ्याकडं आलं, लगीन झालं, पोरं झाली, ती पुण्याला गेली, सगळं रीतीनं झालं. चाळीस वर्सं हुतील आता. गावात मला मान हाय बरं का, म्हनजे हुता. महादू मिस्त्रीनं हात लावला की सायकल पळनारच, असं लोक म्हनायचे, आन् मला ते गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

मंगलला मामाकडं ठिवून दहावी केली आन् हितनंच चार कोसावर दिली. दाजी मानूस देवगुनी, पन मेंढरंवाला, सहा-सहा म्हैने बाहीर. एक लेक, ती लगीन होऊन गेली. घरात मंगल एकटी. तिला गावच्या टपालात काम लागलं, वस्त्यावस्त्यांवर जाऊन टपाल वाटायचं, नऊ वस्त्या, आन् मदी एक मुरमाचा टेक, असा उभा की बैल बी थांबून चढतो. म्हनली दादा, मला सायकल कर. माझ्याकडं रेल्वेतल्या एका सायबाची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल पडून हुती, त्याची बदली झाली आन् फोनवर म्हनला ठेवा तुम्हालाच. गेर सगळे धुळीनं खल्लास झालेले. म्या गेर काढूनच टाकले. आमच्या फुफाट्यात गेर टिकत न्हाईत. फुडं एक चकती, मागं एक, झालं. चकती म्हनजे पायडलापाशी ते दातं असलेलं गोल असतंय न्हवं, ज्याच्यावरनं चेन फिरती, ते. चव्वेचाळीस दातांची बसवली हुती, दनकट बाईला साजंल अशी. आन् मंगल ती सायकल चालवायची म्हनजे बगत ऱ्हावं, लुगड्याचा काष्टा, वरनं खाकी झोळी, टेक उभ्यानं पायडल मारत चढायची. वस्तीवरची म्हातारी मानसं तिची वाट बगायची. कुनाचं पेन्शनीचं कागद, कुनाच्या लेकीची चिठ्ठी, वाचून बी दाखवायची.

आट-नऊ वर्सं अशी गेली. मंग एका बाजाराच्या दिवशी आली, म्हनली दादा, चेन सटकतिया. बगितलं तर चकतीचे दात झिजून करवतीवानी टोकदार झाले हुते. म्हनलं बदलाय पायजे. तवा जाता जाता म्हनली, आन् वाईच जड बी लागतिया रं हल्ली. येवढंच म्हनली. मी म्हनलं, मंग बदलायचीच हाय तर कमी दातांची टाकू, हाय काय आन् न्हाय काय. आता ह्यात एक गोम असती, फुडं दात कमी केले की चढाला हलकं, पन सपाटीला पाय नुसता गरगरतो, सायकल फुडं सरकत न्हाय. त्यामुळं चकती निवडायची म्हनजे मानूस कसा, रस्ता कसा, सगळं डोस्क्यात घ्याय लागतं. मी लई इचार केला, बरं का. दोन दिवस इचार केला. अडतीस दातांची टाकली, चेनीच्या कड्या कमी केल्या, आन् सोता चालवून बगितली. लोण्यावानी चालली.

दोन म्हैन्यांनी परत आली. दादा, जड लागतिया.

मी सगळी सायकल खोलली. मागचं फ्रीव्हील बगितलं, ब्रेक घासतोय का बगितलं, बेरिंग धुतली, नवं ग्रीस भरलं. कुटंच काय न्हाय. ती हितं ह्याच बाकड्यावर बसली हुती, पदरानं वारा घेत, आन् मी तिच्याकडं पाट करून सायकलीला कान लावून बसलो हुतो. त्या दिवशी तिच्या चपलेचा पट्टा पायात रुतला हुता, पाय सुजला हुता, ते म्या बगितलं. बगितलं की! आन् काय म्हनलं ठावं हाय का? म्हनलं मंगे, एक नंबर मोठी चप्पल घे.

चौतीस दातांची टाकली. फरक न्हाय. मंग मी चिडलो. तिच्यावर न्हाय, त्या सायकलीवर. माझ्या हाताखालची सायकल जड लागती म्हनजे काय? गाडीनं सोलापूरला गेलो, तितं एक चाचा हाय, सुट्या भागांचं जुनं दुकान, बाप मानूस. मी म्हनलं चाचा, तीस दातांची चकती पायजे, चार बोल्टची, भोकं जुळायला पायजेत. त्यानं हातातलं काम ठिवलं. म्हनला कित्ते? म्हनलं तीस. म्हनला महादूभाई, तीस कू क्या करते, चलानेवाला बच्चा है क्या? म्हनलं न्हाय, बहीन हाय माझी, पंचेचाळिशीची. चव्वेचाळीसनं सुरू केलं, अडतीस झाली, चौतीस झाली, तरी जड म्हनती. चाचा सावकाश म्हनला, चक्ती में कुछ नै भाई, बहन कू दिखाव किसी कू.

काय सांगू तुमाला, मला राग आला. मला वाटलं ह्यो माझी मिस्त्रीगिरी काढतोय. म्हनलं चाचा, तुमी माल दाखवा, बाकीचं माझं मी बगतो. त्यानं चकती काढून दिली. माझ्या कानानं ते ऐकलं हुतं. आयुष्यभर कान दिला मी, आन् जवा मानूस बोललं तवा ऐकलं न्हाय.

तीसची बसवली. मंगल आली, चालवून बगितली दुकानाफुडं, उतरली तर बोलता येईना तिला, धाप लागलेली. आन् मी हसत म्हनलं, मंगे, आता ह्याच्याफुडं चकती न्हाय, आता तुझ्यातच दम ऱ्हायला न्हाय बग. शेजारचा पानवाला बी हसला. ती बी हसली. म्हनली व्हय रं दादा, म्हातारी झाले. आन् त्या दिवसापासनं जड लागतिया म्हनून तिनं एकदा बी काडलं न्हाय तोंडातनं. मी इचारलं की म्हनायची, झकास हाय.

फुडं चार म्हैन्यांनी, टेकाच्या पायथ्याला पडली. ऊसवाल्या टॅक्टरवाल्यानं उचलून आनली. कुर्डुवाडीच्या डॉक्टरानं छातीला कानातली नळी लावली, आन् लावूनच ऱ्हायला, आन् म्हनला आत्ताच्या आत्ता सोलापूर. सोलापुरात मशीनवर छाती बगितली. तिथली डॉक्टरीन तरुन पोरगी, तिनं मला बाजूला घेतलं. म्हनली, काका, हृदयाची झडप आकसलीय, खूप दिवसांपासून. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आता बगा, आला हुता. भीमेच्या कडंला बिऱ्हाड असताना. गुडघे भोपळ्यायेवढे झाले हुते, बापानं रुईची पानं गरम करून बांधली, आट-पंधरा दिसांनी खेळायला लागली, आमी इसरलो. डॉक्टरीन म्हनली, दम कधीपासून लागतोय? म्हनलं दीड वर्स झालं. म्हनली, मग दीड वर्ष काय केलंत?

दीड वर्स मी दात मोजत हुतो.

छातीतलं पानी काढलं, अंगात ताकद आली की ऑपरेशन करू म्हनले. ती ताकद काय आली न्हाय. अकरा दिवस हुती. उशाला तीन उश्या लावून बसून ऱ्हायची, आडवं झालं की जीव घाबरायचा. एकदा सकाळची बरी वाटली, तर माझा हात धरून म्हनली, दादा, शेवटच्या चकतीनं लई हलकी झाली हुती रं सायकल. मी म्हनलं व्हय व्हय. खरं काय ते मला दहाव्याला वस्तीवरच्या एका म्हातारीनं सांगितलं. तुमची बहीन म्हैने-म्हैने सायकल हातात धरून ढकलत यायची, म्हनली, टेकावर चारदा बसायची. आमी म्हनलं बाई चालीव की, तर म्हनायची, दादानं लई खटाटोप केलाय हिच्यावर, त्याला सांगू नका.

मंगल गेली तवा दाजीची मेंढरं फलटनच्या अंगाला हुती. आला, बसला, आन् परत मेंढरांकडं गेला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी बायको म्हनती, तुमी काय डॉक्टर हाय का, तुमाला काय ठावं. पोरं बी फोनवर तेच म्हनत्यात. सगळी तेच म्हनत्यात. पन चाचा डॉक्टर हुता का? त्याला तर तिचं तोंड बी ठावं न्हवतं.

आता दुकान उघडतो, उघडायचं म्हनून. पंक्चर काढतो, हवा भरतो. मोठं काम घेत न्हाय. कानावरचा इश्वास गेला माझा. गेल्या आठवड्यात एक बाई आली, दूधवाली, म्हनली मिस्त्री, सायकल जड चालतिया, वाईच बगा. मी सायकलीला हात बी लावला न्हाय. तिला म्हनलं बाई, बस हितं, पानी पी, रातच्याला उश्या किती लागत्यात तुला, पाय सुजत्यात का, लहानपनी गुडघ्याचा ताप आला हुता का? बाई घाबरली. म्हनली सायकल बगायची तर बगा न्हायतर ऱ्हाऊ द्या. पानवाला तिला खुणंनं म्हनला, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. ती फुडच्या दुकानात गेली, तिथल्यानं चेनीला तेल घातलं आन् दिली लावून. मी मागनं वरडलो बी, बाई, एकदा छाती दाखीव गं कुनाला. तिनं मागं बगितलं न्हाय.

असं हाय. लोकं म्हनत्यात खुळावला, म्हनू द्या. तुमी लांबनं आलात, बसलात, ऐकलंत, देव तुमच्या घरातल्यांचा श्वास सुखाचा ठिवो. माझं काय, डोळं मिटंपतुर हितंच बसायचं, आन् येनाऱ्या-जानाऱ्याला इचारत ऱ्हायचं. खरं सांगनारी कोन भेटंल असं वाटत न्हाय.