मधला प्लॉट

आमचं कळमनुरीतलं घर कसं झालं, ते सांगतो. आणीबाणीच्या आदल्या वर्षी रहीमचाचांनी गावाला लागून असलेल्या आपल्या शेतात प्लॉट पाडले. माझे वडील शाळेत मास्तर. त्यांना मधला सपाट प्लॉट आवडला. चाचा म्हणाले, "तो विकायचा न्हाई."

वडिलांचा चेहरा उतरला. आम्ही बौद्ध, जागा नाकारली जाणं त्यांना नवीन नव्हतं. ते म्हणाले, "काहून न्हाई, तेवढं तोंडावर सांगा."

"पाऊस पडू द्या, मास्तर. मग दाखवतो."

आठवड्याभरात धो धो पाऊस झाला आणि चाचा स्वतः बोलवायला आले. जाऊन पाहतो तर त्या प्लॉटवरून गुडघाभर पाणी धावत होतं.

"ही पाण्याची वाट हाय," चाचा म्हणाले. "इथं मी माझ्या जावयालाबी घर बांधू देणार न्हाई."

वडील इतके हसले, की हातातली छत्री सुटली आणि पाण्याबरोबर निघून गेली. "मग आमी बांधावं कुठं?"

चाचांनी उंचावरच्या आपल्या घराकडं बोट केलं. "माझ्या शेजारी. भिंतीला भिंत लावा, मास्तर. तुमची एक भिंत वाचंल."