मधला दिवस

बाई : म्हणजे तीन दिवस जंगल आणि तीन दिवस समुद्र? साहेब, मधे अकरा तासांचा रस्ता आहे. इतकी वर्षं सहली आखतेय, म्हणून सांगते. आठवड्यात दोन्ही कोंबलंत, तर धड एकही होणार नाही.

लिफ्टवाले : नाही झालं तर नाही. दोन्ही ठेवा.

बाई : बरं. तुम्ही आणि मुलगी. तिचं वय?

लिफ्टवाले : चौदा. गेल्या सोमवारी पूर्ण झाली.

बाई : पोहता येतं का तिला? बोटवाल्यांना आधी कळवावं लागतं.

लिफ्टवाले : नाही... बहुतेक नाही.

बाई : गाडी लागते? सफारीच्या जीपमध्ये दणके फार बसतात.

लिफ्टवाले : लहानपणी लागायची. मी खिशात लिंबाच्या गोळ्या ठेवायचो.

बाई : आणि आता?

लिफ्टवाले : तेवढी जागा कोरी सोडता येईल का?

बाई : अहो, हा अर्ज आहे, शब्दकोडं नाही! रागावू नका, पण मुलगी तुमचीच ना?

लिफ्टवाले : माझीच. आईकडे राहते. महिन्यातला एक रविवार माझा. पण कधी कुठेतरी लिफ्ट बंद पडते आणि मला दुरुस्तीला धावावं लागतं, कधी तिचा क्लास निघतो. यंदा पहिल्यांदाच आठवडाभर पाठवणार आहेत.

बाई : म्हणून दोन्ही?

लिफ्टवाले : सहा वर्षांची होती तेव्हा भिंतीभर हत्ती काढायची. मग शिंपल्यांचं वेड लागलं. त्यापुढचं मला ठाऊक नाही. दोन्हींतलं एक तरी लागू पडेल, असं वाटलं.

बाई : मग तिलाच विचारा की. लावा फोन. मी उत्तरं लिहून घेते.

(तो फोन स्पीकरवर ठेवतो.)

मुलगी : हं बाबा, बोल. क्लासला निघालेय.

लिफ्टवाले : चिमणे, आपल्या सुट्टीचं ठरवतोय. तुला पोहता येतं का गं?

मुलगी : बाबा! शाळेच्या टीममध्ये आहे मी. दोन वर्षं झाली. सांगितलं होतं तुला.

लिफ्टवाले : हो की. सांगितलं होतंस. आणि गाडी? लागते अजून?

मुलगी : छे! कधीच बंद झालं ते.

लिफ्टवाले : बरं, हत्ती बघायला जायचं की समुद्रावर?

मुलगी : काहीही चालेल. समुद्रावर आम्ही उन्हाळ्यात जाऊन आलो, आई, काका आणि मी. पण चालेल परत.

लिफ्टवाले : मग नुसते हत्तीच बघू या?

मुलगी : तुला हवं ते ठरव ना. चल, ठेवते. आई खाली हॉर्न वाजवतेय.

लिफ्टवाले : हो, हो. सावकाश जा. आणि चिमणे, तो वाढदिवसाचा—

बाई : ठेवला तिने.

लिफ्टवाले : घाईत होती.

बाई : या वयात असतात सगळे घाईत. माझा मुलगा एका घरात राहून दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन ‘भूक लागली’. बरं, समुद्र काढून टाकू? जंगलातच निवांत राहा. रस्त्याचा दिवसही वाचेल.

लिफ्टवाले : तो नका काढू.

बाई : समुद्र?

लिफ्टवाले : रस्त्याचा दिवस. जंगलात गाईड गप्प बसा म्हणणार. समुद्रात ती पोहत लांब जाणार. मला कुठे पोहता येतंय?

बाई : लोक या दिवसावरून माझ्याशी भांडतात हो, फुकट गेला म्हणून.

लिफ्टवाले : आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते ना, तेव्हा आतली माणसं आधी घाबरतात, चिडतात. मग हळूहळू बोलायला लागतात. वर्षानुवर्षं शेजारी राहून नुसती मान हलवणारी माणसं! मी दार उघडतो, तेव्हा कधी कधी त्यांना मीच नको असतो.

बाई : ...गाडी ड्रायव्हरसकट लिहू ना?

लिफ्टवाले : ड्रायव्हर नको. मी चालवीन.

बाई : अकरा तास?

लिफ्टवाले : ती पुढे बसेल. सकाळी झोपेल, झोपू दे. दुपारनंतर उठेलच.

बाई : आता नवा रस्ता झालाय तिकडे. तीन तास वाचतात. तो लिहू?

लिफ्टवाले : नको. जुनाच लिहा. लिंबाच्या गोळ्या घेईन मी बरोबर.