टाकीवर ओरखडा नको

बसच्या रांगेत एका नर्सच्या पुढे दोघे उभे होते. दोघांच्याही अंगात मोटारसायकल कारखान्याचा निळा शर्ट. त्यातला जाडा दुसऱ्याकडे बघतच राहिला होता.

"अरे, तुला तर केव्हाच काढलं ना? मग हा शर्ट?"

"घरी सांगितलं नाही अजून."

"कमाल करतोस. दिवसभर असतोस कुठे?"

"बागेत बसतो. पाळी सुटायच्या वेळेला घरी."

"आणि वहिनींना काही संशय?"

"कसा येणार? सगळं पहिल्यासारखंच ठेवलंय. निघताना अंगठीसुद्धा काढून तिच्या हातात देतो."

"ती तर आम्हाला अजून काढावी लागते. टाकीवर जरा ओरखडा आला की साहेब डोक्यावर बसतो."

"बसणारच. एवढी महागडी गाडी. टाकी पुसली की आपलं तोंड दिसायचं तिच्यात."

"आता गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही. आमची लाइनसुद्धा निम्मे दिवस बंदच असते."

"तुला तरी ठेवलंय."

"आज ठेवलंय. उद्याचं कुणी सांगावं... पण काय रे, अंगठी तर बोटातच आहे तुझ्या."

"हो. सकाळी काढायला लागलो, तर तिने हात धरला. म्हणाली, राहू दे आता बोटात."

"म्हणजे कळलंय त्यांना."

"कळलं असेल."

"पुढे काय म्हणाल्या?"

"आत गेली."

"मग घरीच थांबायचं होतंस. आज कशाला निघालास?"

"डबा भरून आणला तिने."